सांगलीच्या पटावर आपली मुले बसणार का?

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या वस्त्यांमध्ये दोन प्रश्न एकदम उभे राहतात. सुट्टीत मुलांना ठेवायचे कोठे, आणि सुट्टीतला खर्च भागवायचा कसा? साताऱ्यातील काही कुटुंबांपुढे अलीकडे यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी शाळेत नाहीतर विहारात बुद्धिबळ शिकते, बरी खेळू लागते, आणि कोणीतरी सांगते, "उन्हाळ्यात सांगलीला मोठ्या स्पर्धा भरतात, तिथं न्या हिला." मग रात्री जेवणे झाल्यावर घरात चर्चा सुरू होते. न्यावे की नाही?

वरवर पाहता हा प्रश्न लहान आहे. परंतु ज्या घरात एका दिवसाचे काम बुडाले तर त्या दिवसाची मजुरीही बुडते, त्या घराला तो लहान नसतो. आमच्या विहारात रविवारी बुद्धिबळाचा वर्ग चालतो. त्यामुळे हा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात. त्यांच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून आम्हाला जे उमगले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

सांगलीच का?

सांगली म्हटले की आपल्याला हळद आठवते, नाटक आठवते, कृष्णेचा पूर आठवतो. पण बुद्धिबळाच्या जगातही या गावाचे नाव मोठे आहे. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकर यांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. लहान मुलांना पटावर बसवायचे आणि त्यांच्याकडून खेळून घ्यायचे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले. सुट्टीत स्पर्धांचा महोत्सव भरवायची या मंडळाची जुनी परंपरा आहे. बाहेरगावचे, परराज्यांतले खेळाडू त्यासाठी सांगलीला येतात.

या गावाने घडवलेल्या खेळाडूंत मुलींची नावे पुढे आहेत, हे आपल्या भगिनींनी ध्यानात घ्यावे. भाग्यश्री साठे, म्हणजे लग्नानंतरच्या भाग्यश्री ठिपसे, १९८५, १९८६, १९८८, १९९१ आणि १९९४ अशा पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. १९८७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात जे मिळवले आहे, ते एका दिवसात मिळालेले नाही. त्यामागे सांगलीसारख्या गावांतल्या स्पर्धा आहेत.

हा खेळ कोणाचा?

"साहेब, हा आपला खेळ न्हाई. वाड्यातल्या लोकांचा खेळ हाय त्यो." एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विहारात आम्हाला हे ऐकवले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. संस्थानांच्या काळात पट मांडला जायचा तो वाड्याच्या ओसरीवर, आणि आपल्या आज्या-पणज्यांना ओसरीची पायरी चढायची मनाई होती. ज्यांना पोटासाठी दिवसभर राबायचे होते, त्यांना तीन-तीन तास पटासमोर बसायला वेळ कोठून मिळणार?

पण म्हणून खेळ त्यांच्या मालकीचा होत नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सैन्याच्या चार अंगांवरून त्याला चतुरंग हे नाव मिळाले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात चतुरंगाचा उल्लेख केला आहे. बौद्ध धम्माला आश्रय देणाऱ्या सम्राट हर्षवर्धनाचा तो काळ. पुढे हा खेळ इराणमार्गे अरबांकडे आणि तेथून युरोपात गेला. एवढे जग फिरून आलेला खेळ एखाद्या गल्लीची मिरास कसा राहील?

अमेरिकेतील काळ्या लोकांनीही हाच प्रश्न सोडवला. मॉरिस अॅशली हा जमैकात जन्मलेला मुलगा बारा वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहायला आला. शाळेत एका मित्राने त्याला बुद्धिबळात हरवले. तेव्हा तो ग्रंथालयात गेला आणि बुद्धिबळावरचे पुस्तक काढून वाचू लागला. १९९९ साली तो जगातला पहिला काळा ग्रँडमास्टर झाला. त्याआधी, १९९१ साली, त्याने शिकवलेली हार्लेम वस्तीतल्या सरकारी शाळेची मुले राष्ट्रीय शालेय स्पर्धेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. हरल्यावर ग्रंथालयात जाणारा मुलगा बाबासाहेबांच्या अनुयायांना परका वाटू नये.

धम्म काय सांगतो?

एका अभ्यासू उपासकाने वेगळीच शंका काढली. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटावरचे खेळ वर्ज्य सांगितले आहेत. मग विहारात पट मांडावाच कसा?

शंका चांगली आहे, आणि तिला उत्तर दिले पाहिजे. ते सुत्त श्रमणांविषयी बोलते. लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन जे श्रमण खेळ-तमाशांत वेळ घालवतात, त्यांच्यासारखे तथागत वागत नाहीत, असा त्याचा रोख आहे. घर चालवणाऱ्या उपासकासाठी आणि त्याच्या मुलांसाठी तथागतांचा उपदेश पाहायचा तर त्याच दीघनिकायातले सिगालोवाद सुत्त वाचावे. त्यात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, हातचा पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि लग्नासाठी कोणी मुलगी देत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आज मोबाईलवर पैसे लावून रमी खेळणाऱ्या आपल्या तरुणांना जशीच्या तशी लागू पडते. पैशाच्या अशा ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेला ऑगस्ट २०२५ मध्ये करावा लागला, यावरून रोग किती पसरला होता ते कळावे.

बुद्धिबळात पैसा लावलेला नसतो, फासा नसतो आणि पानेही नसतात. दोघांचे मोहरे सारखे आणि सगळे डोळ्यांसमोर. हरलो तर दोष नशिबाचा नाही, आपण केलेल्या चालीचा. जे घडले त्याला कारण आहे आणि ते शोधता येते, ही बुद्धाची शिकवण पोराला पटावर रोज अनुभवता येते.

सिगालोवाद सुत्तात आई-बापांची पाच कर्तव्येही सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे आणि त्यांना विद्या किंवा कला शिकवणे ही त्यांतली तीन. मुलाला स्पर्धेला नेणे हे या तिसऱ्या कर्तव्यात बसते, असे आम्हाला वाटते.

स्पर्धेत नेमके काय होते?

बहुतेक पालकांची भीती अशी, की एवढा खर्च करून जायचे, पोर पहिल्याच डावात हरायचे आणि हात हलवत परत यायचे. कबड्डीच्या सामन्यात असे होते. बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धा मात्र बहुधा स्विस पद्धतीने होतात. या पद्धतीत हरणाऱ्याला घरी पाठवत नाहीत. जिंकले तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. पुढच्या फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी समोर येतो. पहिला डाव हरलेले मूलही शेवटच्या फेरीपर्यंत खेळते. नऊ फेऱ्यांची स्पर्धा असेल तर साधारण नऊ डाव खेळायला मिळतात, तेही वस्तीत कधी भेटले नसते अशा नऊ खेळाडूंशी.

मोठ्या, संथ डावांच्या स्पर्धा अनेक दिवस चालतात. जलद स्पर्धा बहुधा एक-दोन दिवसांत आटोपतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जलद स्पर्धा किंवा वयोगटाची स्पर्धा निवडावी. मानांकन स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघटनेकडे खेळाडूची नोंदणी लागते आणि तिची फी वेगळी असते. त्यामुळे पत्रक नीट वाचून, संयोजकांना फोनवर विचारून मगच पैसे भरावेत. घड्याळ लावून खेळण्याची आणि प्रत्येक चाल कागदावर लिहिण्याची सवय घरूनच करून न्यावी. मोहऱ्याला हात लावला की त्याचीच चाल करावी लागते, हा नियम वस्तीतल्या खेळात आपण पाळत नाही. तिथे तो काटेकोरपणे पाळला जातो.

आणखी एक रीत आहे. डाव सुरू होण्यापूर्वी दोन्ही खेळाडू एकमेकांचा हात हातात घेतात, आणि संपल्यावर पुन्हा घेतात. समोर साठीचे निवृत्त गुरुजी असोत की दहा वर्षांची मुलगी, रीत एकच. या साध्या रीतीचा अर्थ आपल्या लोकांना इतरांपेक्षा जास्त कळतो.

याच रेल्वेमार्गावर

साताऱ्याहून सांगलीकडे रेल्वेने निघाले की वाटेत मसूर स्थानक लागते. बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी, १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, ते भावासोबत आणि बहिणीच्या मुलांसोबत रेल्वेने मसूरला उतरले. गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे ही मुले निघाली होती. अंगावर नवे कपडे, पायात नवे जोडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुलांनी जात सांगताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने सोबत चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. जवळ पैसे होते आणि खायलाही होते, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे लिहून ठेवले आहे.

सुट्टीत उत्साहाने निघालेल्या साताऱ्याच्या मुलांचा तो प्रवास होता. आज त्याच मार्गाने आपली मुले तिकीट काढून जातात, हवे तिथे पाणी पितात, आणि अनोळखी माणूस त्यांच्याशी हात मिळवून डाव सुरू करतो. हे आपोआप घडलेले नाही. म्हणूनच "तिथं आपलं कोण हाय?" असे म्हणून घरी बसणे आम्हाला पटत नाही.

सगळे निवळले आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. भिंतीवर जोड्यांची यादी लागते, तीत आडनाव असते, आणि आडनाव वाचून "कुठले तुम्ही?" असे विचारणारे पालक आजही भेटतात. मुलांना आधीच सांगून ठेवावे की लपवायचे काही नाही. "आम्ही बौद्ध, साताऱ्याचे," एवढे सरळ उत्तर द्यायचे आणि पटाकडे पाहायचे.

हिशेबाची वही

आम्ही वाणिज्य शाखेचे आणि व्यवसायाने कारकून. त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. सांगलीच्या फेरीत खर्चाची खाती पाच. प्रवास, प्रवेश फी, मुक्काम, जेवण, आणि बुडालेली मजुरी. हे पाचवे खाते पालक सोडून देतात, आणि नंतर तेच सलते.

सातारा ते सांगली अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि लहान मुलांना आधीपासून अर्धे तिकीट आहे. म्हणजे मुलासोबत वडिलांऐवजी आई किंवा आत्या गेली तर प्रवासाचा खर्च बराच उतरतो. सांगली-मिरजेत आपले नातेवाईक असतातच. मुक्कामाचे त्यांना आधी कळवावे. भाकरी-चटणी, उकडलेली अंडी घरून न्यावीत.

पैसा आणायचा कोठून? सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीसाठी राखून ठेवायचा. आमच्या मते या सहलीसाठी चौथ्या भागाला हात लावू नये आणि बचत गटातून कर्जही काढू नये. आपल्या घराला हा खर्च पेलत नसेल, तर तो वस्तीने पेलावा.

आमच्या वस्तीत गेल्या उन्हाळ्यात हेच झाले. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका बंधूंची सातवीतली मुलगी वर्गात सर्वांत चांगली खेळत होती. फी भरायची मुदत जवळ आली होती. वडील म्हणाले, "घोडं अडीच घर चालतंय, ते खरं. पर त्यानं पोट भरतंय का? माझी दोन दिसाची हजेरी जाणार." आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "एकदा जाऊन तरी बघू दे की तिला. जत्रंला जातोच न्हवं आपण?" दोघांचेही खरे होते. त्याच आठवड्यात जयंतीच्या वर्गणीचा हिशेब महिला मंडळापुढे आला. त्यातला डीजेचा आकडा पाहून एक मावशी म्हणाल्या, "एका रातीच्या ह्या आवाजात आपली किती पोरं सांगली बघून येतील?" डीजे लावणाऱ्या तरुणांनी थोडी कुरकुर केली, मग त्यांच्यातल्याच दोघांनी पाचशे-पाचशे रुपये काढून दिले. तीन मुले आणि एक आत्या अशी मंडळी सांगलीला गेली.

त्या मुलीला नऊ फेऱ्यांत साडेतीन गुण मिळाले. बक्षीस नाही, पेपरात नाव नाही. पण तिने नऊही डाव वहीत उतरवून आणले होते. पुढच्या रविवारी तिने ती वही विहारात उघडली आणि धाकट्या पोरांना दाखवू लागली, "हितं मी वजीर उगाच पुढं काढला, बघा." हमाल बंधू दारात उभे राहून ऐकत होते. बोलले काही नाहीत. नंतर पुढच्या जिल्हा स्पर्धेची तारीख मात्र त्यांनीच विचारली.

मग जायचे का?

सरसकट "जा" असे आम्ही कोणालाच सांगत नाही. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका घराने न जायचे ठरवले, तेही बरोबरच होते. तिथे हौस वडिलांची होती. मुलगा पटावर बसला की घड्याळाकडे पाहायचा, आणि त्याचे खरे मन फुटबॉलमध्ये होते. वडिलांनी ते ओळखले आणि त्या पैशात त्याला बूट घेतले. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला पटावर बसवणे हीसुद्धा जबरदस्तीच आहे.

निर्णय घेताना पालकांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. मूल स्वतःहून पट मांडते का? हरल्यावर मोहरे न फेकता "मी कुठं चुकलो?" असे विचारते का? सोबत जाणारे मोठे माणूस हरलेल्या पोराला न रागावता जेवायला घालील का? आणि कर्ज न काढता खर्च भागेल का? चारही उत्तरे "होय" असतील तर बिनधास्त निघावे. शेवटचेच उत्तर तेवढे "नाही" असेल, तर घरात गप्प बसून राहू नये. विहारात येऊन सांगावे. गरिबी सांगायला लाज कसली? पैसा नाही म्हणून हुशार पोर मागे राहिले, तर लाज साऱ्या वस्तीला वाटली पाहिजे.

बक्षिसाच्या आशेने मात्र कोणी जाऊ नये. मोठ्या गावांतली मुले शिकवणी लावून, संगणकावर सराव करून आलेली असतात. पहिल्या वर्षी आपली मुले त्यांच्याकडून हरणारच. त्यांच्यासमोर न बिचकता बसणे, नऊ वेळा हात मिळवणे आणि आपले डाव लिहून आणणे, एवढे पहिल्या वर्षी पुरे.

युगांडातील कटवे या झोपडपट्टीत फिओना मुतेसी नावाची मुलगी बुद्धिबळाच्या वर्गात पहिल्यांदा आली, ती तिथे वाटल्या जाणाऱ्या पेजेसाठी. पुढे ती देशाच्या संघातून ऑलिम्पियाड खेळली. आपल्या विहारांनीही हे लक्षात ठेवावे. दोन पट, एक जुने घड्याळ आणि मुलांसाठी मूठभर शेंगदाणे-गूळ, एवढ्या भांडवलावर वर्ग सुरू होतो.

जयंतीच्या भाषणांत वक्ते नेहमी सांगतात की प्यादे आठव्या घरात पोहोचले की वजीर होते. ते खरे आहे. पण जो खेळतो त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. प्यादे एकटे सोडले तर वाटेत मारले जाते. त्याच्या पाठीशी हत्ती उभा करावा लागतो. वस्तीतल्या पोरांच्या पाठीशी तसे कोण उभे राहणार, हे ठरवायला पुढच्या रविवारी आपापल्या विहारात बैठक घ्या. सुट्टी लागण्यापूर्वी पत्रके मागवा, जाणाऱ्या मुलांची यादी करा, आणि जयंतीच्या वर्गणीत "मुलांच्या स्पर्धा" असे एक खाते आजच उघडा.

जयभीम!